फासा आणि सेनापती

युद्धाचा खेळ म्हटला की प्रथम बुद्धिबळ आठवते, आणि बुद्धिबळात दैवाला थारा नाही हे त्याचे भूषण मानले जाते. तथापि भारतात त्याचा एक प्रकार फाशांवरही चालत असे. अल्-बीरूनीने १०३० च्या सुमारास भारतासंबंधी जो ग्रंथ लिहिला, त्यात चौघांनी खेळावयाच्या बुद्धिबळाचे वर्णन आहे. कोणते मोहरे हलवावयाचे ते फाशावर पडलेल्या दानावरून ठरे. येथे दैव निर्णयाच्या अगोदर येते. पडलेल्या दानातून वाट काढणे एवढेच खेळाडूच्या हाती उरते.

प्रशियात १८२४ साली फाशाला निराळी जागा मिळाली. फॉन राइसविट्झ या तोफखान्यातील तरुण अधिकाऱ्याने आपल्या वडिलांनी रचलेल्या युद्धक्रीडेला नवे रूप दिले. १:८००० प्रमाणाचा नकाशा, निळे व तांबडे धातूचे ठोकळे, दोन मिनिटांच्या लढाईएवढा एकेक डाव आणि दोन्ही पक्षांच्या मध्ये पंच, अशी त्याची मांडणी होती. तुकडी कोठे न्यावयाची हे सर्वस्वी खेळाडूने ठरवावयाचे. तिच्या गोळीबाराचा परिणाम मात्र फासा सांगे. तोही लहरीने नव्हे. कोणत्या अंतरावरून किती नेम साधतो, याविषयी शार्नहोर्स्टने केलेल्या चाचण्यांचे आकडे त्यामागे होते. म्हणजे येथे दैव निर्णयानंतर येते, आणि हा फरक किरकोळ नाही. ज्याला दान अगोदर दिसते त्याचे चातुर्यावर भागते. ज्याला ते नंतर दिसणार आहे त्याला राखीव दल ठेवावेच लागते.

१८७६ साली व्हर्दी द्यू व्हेर्न्वा या प्रशियन अधिकाऱ्याने फासे व कोष्टके बाजूला सारून निकाल पंचाच्या अनुभवावर सोपविला. खेळाला वेग आला खरा. परंतु पंचाच्या वर कोणीतरी वरिष्ठ असतोच. फाशाला हुद्दा कळत नाही.

मात्र फासा असूनही वरिष्ठाचा शब्द वरचढ ठरू शकतो. मे १९४२ च्या आरंभी 'यामातो' या युद्धनौकेवर जपानी नौदलाने मिडवे मोहिमेचा खेळ मांडला होता. त्यात पंच असलेल्या ओकुमिया यांनी पुढे फुचिदा यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथात ती हकीकत दिली आहे. जपानी विमाने मिडवेवर गेली असता शत्रूची विमाने नौकांवर आली. फाशाने नऊ बाँब लागल्याचे दाखविले. 'आकागी' व 'कागा' या विमानवाहू नौका बुडाल्या. खेळाचे सूत्रधार ॲडमिरल उगाकी यांनी नवाचे तीन केले. 'आकागी' वाचली, आणि बुडालेली 'कागा' पुढच्या मोहिमेच्या खेळात पुन्हा हजर झाली.

ही गोष्ट उगाकींचे हसे करण्यासाठी सांगितली जाते. तो न्याय पुरता खरा नाही. ४ जून १९४२ रोजी मिडवे बेटावरून उडालेल्या विमानांचा एकही बाँब जपानी विमानवाहू नौकेला लागला नाही. नऊ हा आकडा फार मोठा आहे, हा त्यांचा अंदाज अवास्तव नव्हता. परंतु आकड्याबरोबर एक प्रश्नही पटावरून उचलला गेला: स्वतःची विमाने बेटावर गुंतलेली असताना नौकांवर घाला आलाच, तर पुढे काय? त्याचे उत्तर कोणी तयार ठेवले नाही. त्याच सकाळी अमेरिकी विमानवाहू नौकांवरून आलेल्या विमानांनी 'आकागी', 'कागा' व 'सोर्यू' या तिन्ही नौका काही मिनिटांत पेटविल्या. चौथी, 'हिर्यू', त्याच दिवशी सायंकाळी.