मोत्याची रांग आणि हिऱ्याची रांग

जयपूरच्या आदर्श नगर वसाहतीच्या पश्चिमेस, पाच बत्ती चौकाजवळ, ‘राजमंदिर’ हे चित्रपटगृह उभे राहिले. १९७६ साली ‘चरस’ या चित्रपटाने त्याचे दार उघडले. त्याचा आराखडा वा. मो. नामजोशी या मराठी वास्तुविशारदाचा. मुंबईच्या ‘लिबर्टी’च्या अंतर्गत सजावटीतही त्यांचा हात होता. राजमंदिरातील आसनांच्या वर्गांना मोती, माणिक, पाचू आणि हिरा अशी रत्नांची नावे मिळाली. आपल्याकडील जुन्या रिवाजाप्रमाणे स्वस्त तिकिटाचा प्रेक्षक पडद्याच्या अगदी पुढ्यात बसतो आणि श्रीमंत मागे. भव्य पडद्याच्या तंत्राची खरी कसोटी या दोन टोकांवर लागते.

३५ मिलिमीटर फितीवरील चित्राची रुंदी असते साधारण २२ मिलिमीटर, म्हणजे बोटाच्या पेराएवढी. ते १५ मीटर रुंद पडद्यावर पसरले की जवळजवळ ७०० पट वाढते. त्याबरोबर फितीचा रवाळपणाही वाढतो आणि तो प्रथम दिसतो पुढच्या रांगेला. शिवाय पडद्याची लांबी-रुंदी दुप्पट केली तर तोच प्रकाश चौपट जागेवर वाटला जातो आणि चित्र फिके पडते. म्हणून दिवा प्रखर करावा लागतो आणि मूळ चित्रही मोठे घ्यावे लागते. ७० मिलिमीटरची फीत याच गरजेतून आली.

मागच्या रांगेची अडचण निराळी. पडद्याला बारीक छिद्रे असतात आणि त्यांमागे कर्णे. प्रकाश तत्क्षणी पोहोचतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो. सेकंदाला २४ चित्रे सरकतात, तेव्हा दर १४ मीटरला आवाज एक चित्र मागे पडतो. ४२ मीटरवर बसलेल्याला ओठ आधी हललेले दिसतात आणि शब्द तीन चित्रांनंतर ऐकू येतो. त्यात भिंतींचे प्रतिध्वनी मिसळले तर संवादाचा चिखल होतो. गालिचे आणि जाड पडदे केवळ शोभेचे नसतात; ते हे प्रतिध्वनी शोषून घेतात.

१९७० साली ओसाकाच्या जागतिक प्रदर्शनात कॅनडातील तंत्रज्ञांनी आयमॅक्स पद्धती प्रथम दाखविली. त्यांनी ७० मिलिमीटरची फीत आडवी चालविली आणि एकेका चित्राला १५ छिद्रांची लांबी दिली. चित्राने सारी फीत व्यापली. ध्वनीला जागाच उरली नाही. तो वेगळ्या चुंबकीय फितीवर घेऊन चित्राशी पाऊल जुळवून चालवावा लागला. आसनांची उतरंड तीव्र करून सर्व रांगा पडद्याजवळ आणण्यात आल्या. २००१ साली वडाळ्याच्या घुमटाकार पडद्यामुळे मुंबईकरांनाही या पद्धतीचा प्रत्यय आला.

पुढे फितीची जागा अंकीय यंत्रांनी आणि लेझरच्या प्रकाशाने घेतली. तथापि कसोटी बदललेली नाही. पडदा किती फूट उंच आहे, हे जाहिरात सांगते. पण मोत्याच्या रांगेत चित्र फुटत नाही आणि हिऱ्याच्या रांगेत शब्द हरवत नाही, तेव्हाच त्या उंचीला अर्थ येतो.