शिट्टी ऐकू आली होती

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दहा मिनिटे दिली आहेत आणि विषय दिला आहे ‘आपल्या सहली’. सहल म्हटले की बहुतेकांना एसटीतल्या गाण्याच्या भेंड्या आणि वर्षातून एकदा जाणारी मोठी सहल आठवेल. मी मात्र भूगोलाच्या बाईंच्या शनिवारच्या सहलींबद्दल बोलणार आहे. सकाळी निघायचे, लोकल आणि बेस्टच्या बसने जायचे आणि दुपारी जेवायच्या वेळेला घरी परत. खर्च फक्त तिकिटाचा. डब्यात पोळी-भाजी, खांद्यावर वॉटरबॅग.

पहिली सहल आठवते का? आपण गिल्बर्ट हिलवर चालत गेलो होतो. तेव्हा तो शाळेच्या गच्चीवरून दिसायचा. आपल्यासाठी ती देवीच्या देवळाची टेकडी. बाईंनी आपल्याला आधी पायथ्याशी उभे केले आणि विचारले, “हे खांब कोणी रचले?” कोणी म्हणाले पांडवांनी, कोणी म्हणाले इंग्रजांनी. मग बाईंनी सांगितले की हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे. थंड होताना तो आकसला, त्याला उभ्या भेगा पडल्या आणि हे खांब तयार झाले. ६१ मीटर उंचीचा तो दगड आपण जन्मापासून बघत होतो, पण खऱ्या अर्थाने पाहिला त्या दिवशी.

दुसरी सहल कान्हेरीची, ऐन पावसात. शंभराहून अधिक लेणी, पण बाईंनी मूर्तींच्या आधी पाणी दाखवले. कातळात कोरलेले पन्हळ, त्यातून वाहणारे पाणी आणि जवळजवळ प्रत्येक लेण्यापाशी पाण्याची पोढी. चार महिने पडणारा पाऊस वर्षभर पुरवण्याची ही सोय भिक्षूंनी दोन हजार वर्षांपूर्वी केली होती. मग बाई म्हणाल्या, “याच डोंगरांत तुळशी आणि विहार तलाव आहेत. मुंबई आजही इथले पाणी पिते.” परतताना झुडपांचे एक रान दाखवून त्यांनी सांगितले की ही कारवी, सात-आठ वर्षांतून एकदा फुलते, पुढच्या वेळी फुलेल तेव्हा तुम्ही कॉलेजात असाल. २०००मध्ये मी शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये अडकले, २००८ आणि २०१६ नोकरीत गेली. २०२४च्या सप्टेंबरमध्ये मात्र रजा टाकून गेले आणि तो जांभळा डोंगर डोळे भरून पाहिला.

आता तिसरी सहल. १९९५, आपण नववीत, ठिकाण वांद्र्याच्या बँडस्टँडचे खडक. याबद्दल मी एकतीस वर्षे गप्प आहे. त्या दिवशी माझ्याबरोबर असलेली माझी बाकावरची शेजारीण आज चौथ्या रांगेत बसली आहे. तिला विचारूनच बोलते आहे.

त्या सहलीआधी बाईंनी फळ्यावर एक हिशोब मांडला होता. तिथीला पाऊणने गुणा, की मुंबईच्या भरतीची वेळ मिळते. आपल्या आजी-आजोबांना पाऊणकी पाठ असायची, त्यांचे हे काम तोंडी व्हायचे. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. पहाटे तीनला भरती, त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी, म्हणजे सव्वानऊला, पूर्ण ओहोटी. म्हणून बाईंनी चतुर्थीचा शनिवार निवडला होता. साडेआठला खडकांवर उतरायचे, सव्वादहाला शिट्टी, शिट्टी झाली की हातातले सोडून परत यायचे. हे त्यांनी दोनदा सांगितले होते.

ओहोटीचे खडक ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना सांगते, तिथे प्रत्येक डबके म्हणजे एक घर असते. शंखात शिरलेले खेकडे, खडकाला चिकटलेली कालवे, बोट लावले की मिटणारी समुद्रफुले. आम्हा दोघींना खडकाच्या समुद्राकडच्या बाजूला असे एक डबके सापडले होते. तेव्हा शिट्टी झाली. मैत्रीण म्हणाली, “चल.” मी म्हणाले, “पाच मिनिटे. पाणी बघ ना, हललेसुद्धा नाहीये.”

पाणी खरेच हलल्यासारखे वाटत नव्हते. त्याचे कारण मला पुढे समजले. भरतीचे पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. त्याचे बारा भाग केले तर ढोबळमानाने पहिल्या तासात एक भाग चढते, दुसऱ्या तासात दोन, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. समजा ओहोटीपासून भरतीपर्यंत पाणी ३.६ मीटर चढणार आहे. मग पहिल्या तासात ते जेमतेम ३० सेंटिमीटर चढेल, पण दुसऱ्या तासात ६० आणि तिसऱ्यात ९०. म्हणजे माणसाला ‘अजून वेळ आहे’ असे वाटते, नेमकी तीच निघायची वेळ असते.

आम्ही वळून पाहिले तेव्हा आमच्या आणि किनाऱ्याच्या मधल्या घळीत कमरेएवढे पाणी होते. बाईंनी डोकी मोजली होती, दोन कमी भरली होती आणि त्या दुसऱ्या टोकाला आम्हाला हाका मारत फिरत होत्या. आम्हाला बाहेर काढले ते कालवे फोडायला आलेल्या एका कोळणीने. तिने एकेकीचा दंड धरून पलीकडे नेले आणि म्हणाली, “पोरींनो, पानी काय तुमची वाट बगनार हाय?” आम्हाला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. पण गोष्ट घरी समजली, पालकांची तक्रार आली आणि चौकशी झाली.

त्या चौकशीत बाईंनी काय सांगितले हे मला बऱ्याच वर्षांनी कळले. त्या म्हणाल्या, “वेळेचा अंदाज माझा चुकला.” मला ऑफिसात बोलावून विचारले होते, “शिट्टी ऐकू आली नाही का?” मी खाली बघून म्हणाले, “नाही.” त्या एका शब्दावर प्रकरण मिटले. पुढच्या जूनपासून शनिवारच्या सहली बंद झाल्या.

बाई, शिट्टी ऐकू आली होती. स्पष्ट ऐकू आली होती. तुमचा हिशोब बरोबर होता, तुम्ही वेळेवर बोलावले होते. मी आले नाही आणि नंतर खोटे बोलले. चौदा वर्षांची होते, घाबरले होते हे खरे, पण नंतरची तीस वर्षे काही मी चौदा वर्षांची नव्हते. त्याबद्दल मी सगळ्यांसमोर तुमची क्षमा मागते.

आमच्या क्षेत्रात एखादी यंत्रणा कोलमडली की नंतर शांतपणे बसून अहवाल लिहायची पद्धत आहे. कोणाला शिक्षा करायची हे त्यात नसते. नेमके काय घडले आणि पुन्हा घडू नये म्हणून काय बदलायचे, एवढेच असते. त्या शनिवारचा अहवाल कोणी लिहिलाच नाही. लिहिला असता तर त्यात आले असते की बेचाळीस मुलांमागे मोठे माणूस एकच होते. उपाय होता सोबत आणखी माणसे द्यायचा. आपण सहलच बंद केली.

गेल्या महिन्यात मेळाव्याच्या तयारीसाठी आले तेव्हा गच्चीवर गेले. गिल्बर्ट हिल आता दिसत नाही, समोर टॉवर आले आहेत. नववीची मुले होती, त्यांना विचारले तर दोघांनीच तो पाहिलेला. शाळेची सहल आता वॉटर पार्कला जाते. मजा तिथेही येते, मी नावे ठेवत नाही. पण शहर दाखवणारे कोणीतरी लागते. आपल्याला ते मिळाले होते, आपल्यानंतरच्या तुकड्यांना माझ्यामुळे मिळाले नाही.

म्हणून एक प्रस्ताव आहे. मुख्याध्यापकांशी बोलणे झाले आहे. सोबत पुरेशी मोठी माणसे असतील तर त्यांची हरकत नाही. वर्षाला चार सहली, दर आठ मुलांमागे आपल्यापैकी एक जण. पावसाळ्यात कान्हेरी. सोमवारी उद्यान बंद असते, पण आपला वार शनिवारच. थंडी सरता सरता ऐरोलीहून होडीतून ठाणे खाडीतले रोहित पक्षी. तिथल्या होड्याही भरती बघूनच सुटतात. आपल्या वेळी त्या खाडीकडे कोणी बघत नव्हते, २०२२पासून ती रामसर यादीत आहे. घराजवळचा गिल्बर्ट हिल तर आहेच. आणि चौथी सहल ओहोटीच्या खडकांची. ती टाळायची नाही. चतुर्थी किंवा पंचमीचा शनिवार, पक्क्या पकडीचे बूट, काहीही उचलून आणायचे नाही, दर अर्ध्या तासाला डोकी मोजायची आणि ओहोटी उलटल्यावर एका तासाच्या आत सगळे किनाऱ्यावर. वेळ भरतीच्या तक्त्यावरून पक्की करू, पण मुलांना पाऊणकीचा हिशोबही शिकवू.

दाराशी टेबलावर वही ठेवली आहे. नाव, फोन आणि कोणता शनिवार जमेल ते लिहा. “बघू” असे लिहू नका, तारीख लिहा. पहिले नाव माझे आहे, दुसरे चौथ्या रांगेतले.

आणि बाई, गुडघे दुखतात हे मला माहीत आहे. खडकांवर उतरू नका, कठड्यापाशी खुर्ची ठेवू. पण शिट्टी तुम्हीच वाजवायची. या वेळी मी पहिली परत येईन.