देऊळ कशासाठी बांधले?

(श्रीमहादेव मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण समारंभात दुसऱ्या दिवशी सायंकाळी जीर्णोद्धार समितीच्या चिटणिसांनी केलेले भाषण)



जमाखर्च खजिनदारांनी काल वाचून दाखविला. मला समितीने आभार मानण्याचे काम दिले आहे. आभार मी मानणारच आहे, पण त्याआधी एक कबुली द्यावयाची आहे. ती या देवळाच्या पायरीवरच दिलेली बरी.

आपणा सर्वांना आठवत असेल, आपले हे काम जोत्यापर्यंत येऊन दीड वर्ष बंद पडले होते. जोत्यावर गवत वाढले, त्यावर शेळ्या बसू लागल्या. येणारे-जाणारे विचारीत, "काय गुरुजी, पैसे संपले का?" आम्ही मान डोलवीत असू. लोकांचीही तीच समजूत झाली. खरी गोष्ट अशी की पैसे त्या वेळीही थोडे शिल्लक होते. संपले होते ते दुसरेच काही.

पावतीपुस्तक घेऊन मी घरोघर हिंडत होतो. पस्तीस वर्षे मास्तरकी केल्यामुळे कोणी मला दारातून परत पाठवीत नसे. कोणी एकावन्न देई, कोणी एकशे एक. पावतीवर छापले होते, "मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी". बस, एवढेच. पुढे आम्ही सुरतेला गेलो. आपल्या भागातली किती माणसे तेथे पोटासाठी गेली आहेत ते मी सांगावयास नको. तेथे आपल्याच गावचे एक गृहस्थ, माझेच जुने विद्यार्थी, यांनी चहा दिला, पाचशे रुपये पुढे ठेवले आणि सहज विचारले, "गुरुजी, देऊळ तर गावात आहेच. मी लहानपणी तिथेच खेळलो. मग हे नवीन कशाला?"

मंडळी, मला उत्तर आले नाही. मी म्हणालो, "शेजारच्या गावाने बांधले, आपले गाव मागे का राहावे?" ते हसले. पैसे त्यांनी दिले, पण ते मला दिले, देवळाला नव्हे. परतीच्या गाडीत नवापूर येईपर्यंत मी कोणाशी बोललो नाही. वर्गात मुलाने "का" विचारले आणि मास्तराला सांगता आले नाही, तर मास्तर त्याला खाली बसवितो. मला खाली बसविणारे तेथे कोणी नव्हते, म्हणून मी आपणहून बसलो. पावतीपुस्तक कपाटात ठेवले. काम बंद पडण्याचे खरे कारण हे आहे. समितीतल्या इतरांनाही त्याचे ओझे झाले असणार, कारण पुढे सभेलाही कोणी येईना.

पुढे उन्हाळ्यात एकदा सहज जोत्याकडे गेलो. ज्या मजूर बाईने पायाची माती वाहिली होती, ती आजीबाई तेथे सावलीला बसली होती. मला पाहून उठली आणि म्हणाली, "गुरुजी, देऊळ व्हई गयं मंग आम्ही कोठे बसानं?" देऊळ पुरे झाले की आम्ही बसायचे कुठे, एवढाच तिचा प्रश्न. त्यात रागही नव्हता. दगड-माती वाहताना तिने जागा पाहून ठेवली होती आणि दार लागल्यावर ती जागा राहील की नाही, हे तिला विचारून घ्यावयाचे होते.

सुरतेच्या प्रश्नाचे उत्तर मला या प्रश्नात सापडले. ते एकदम सापडले असे मात्र नाही. त्या रात्री मला मोरवडचे गुला महाराज आठवले.

येथे तरुण मंडळी बसली आहेत म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. आपला नंदुरबार जिल्हा 1998 साली वेगळा झाला. त्यापूर्वी आपण धुळे जिल्ह्यात होतो आणि इंग्रजांच्या काळात पश्चिम खानदेशात. त्या पश्चिम खानदेशात, तळोदे तालुक्यातल्या मोरवड गावी गुला महाराज हे भिल्ल समाजातले सत्पुरुष होऊन गेले. 1938 साली त्यांनी देह ठेवला. त्यांच्यामागे त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी ते काम पुढे नेले. लोकांना ते काय सांगत? दारू सोडा, रोज स्नान करा, स्वच्छ राहा, एकत्र येऊन आरती करा. यात नवे काय होते? दारू सोडा असे सांगणारे त्या काळीही पुष्कळ होते. सरकारी साहेब सांगत, सावकारसुद्धा सांगत. आणि सावकाराने तसे सांगावे ही मोठी गंमतच म्हणावयाची. लोक ऐकून घेत आणि संध्याकाळी पुन्हा मोहाची घेत.

गुला महाराजांनी आणखी एक गोष्ट सांगितली. एकमेकांना "आप" म्हणा. लहान असो, मोठा असो, बाई असो, पुरुष असो, "आप". त्यावरून त्या चळवळीलाच आप हे नाव पडले. ज्या माणसाला बाजारात, कचेरीत, शेताच्या बांधावर आयुष्यभर कोणी "अरे", "ए" यापलीकडे हाक मारली नाही, त्याला त्याच्या घरातले, त्याच्या पाड्यातले माणूस "आप" म्हणू लागले, म्हणजे काय झाले असेल याचा विचार करा. स्नान कशासाठी करावयाचे, दारू कशासाठी सोडावयाची, याचे कारण त्या एका शब्दात त्याला मिळाले. तू मान देण्याजोगा आहेस, हे आधी आले. मग मान देण्याजोग्या माणसाने कसे राहावे, हे त्याचे त्यालाच कळू लागले. हजारो माणसे आरतीला जमू लागली. ज्यांची मिळकत दारूवर होती त्यांना हे रुचले नाही, हे ओघानेच आले.

मी मास्तर आहे, व्याकरण शिकविलेला माणूस. तू, तुम्ही, आपण ही सर्वनामे मी फळ्यावर किती वेळा लिहिली असतील! पण एका सर्वनामाने एवढे काम होते, हे मला निवृत्त झाल्यावर उमगले. आणि त्याच वेळी असेही ध्यानात आले, की मी स्वतः त्या आजीबाईला पायाचे काम चालू असताना दोन महिने "ए बाई" अशीच हाक मारीत होतो. तिचे नाव मी तोवर विचारले नव्हते. हजेरीपटावर मुकादमाच्या नावापुढे "बाया सात" एवढेच लिहिले होते. अक्षर माझेच होते.

म्हणून मी पारावर सभा बोलाविली. त्या सभेची कटू-गोड आठवण पुष्कळांना आहे. मी म्हणालो, देऊळ कशासाठी ते आज ठरवू आणि ठरले नाही तर उरलेले पैसे ज्याचे त्याला परत करू. कोणी म्हणाले, गावाच्या शोभेसाठी. कोणी म्हणाले, पूर्वजांच्या नावासाठी. एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, मरण्यापूर्वी कळस पाहावयाचा आहे. यातले खोटे एकही नव्हते. मग मी आजीबाईचा प्रश्न तिच्याच शब्दांत सांगितला. बराच वेळ कोणी बोलले नाही.

शेवटी ठरले ते असे. सभामंडपाला भिंती घालावयाच्या नाहीत, तीन बाजू मोकळ्या ठेवावयाच्या. तेथे कोणीही, केव्हाही बसावे. रात्री मुलांना अभ्यासाला दिवा असावा. बाहेर पाण्याचा नळ असावा, तो वाटसरूलाही चालेल. आणि संगमरवरी पाटीवर नावे लिहावयाची ती रकमेच्या क्रमाने नव्हे, तर बाराखडीच्या क्रमाने. रक्कम लिहावयाची नाही. आणि ज्यांनी माती वाहिली, दगड घडविले, त्यांचीही नावे त्याच पाटीवर यावीत.

या शेवटच्या ठरावावर वाद झाला, तो मी लपवीत नाही. एका मोठ्या देणगीदारांनी सांगितले, "मजुरांना मजुरी मिळाली आहे. मी दान दिले आहे. दोन्ही सारखे कसे?" त्यांचा प्रश्न मला आजही चुकीचा वाटत नाही. मजुरी आणि दान या दोन गोष्टी आहेतच. पण बायांनी शेवटचे आठ दिवस मजुरी न घेता काम केले होते, हे त्यांना ठाऊक नव्हते आणि ते ठाऊक करून देण्याचे काम चिटणिसाचे होते. मी ते केले नाही. समितीने त्यांची रक्कम मानाने परत केली. त्यामुळे दगडी कमानीचे काम राहिले, ते आपण पाहताच आहात. ते गृहस्थ आज समारंभाला आलेले आहेत, मागे खांबाशी बसले आहेत. त्यांना मी येथूनच नमस्कार करतो.

मला कोणी म्हणेल, गुरुजी, एवढे कारण सांगत बसण्याची गरज काय? काम चांगले असले की झाले. मलाही पूर्वी तसेच वाटे. आपल्या धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली विनोबाजी होते. 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत दर रविवारी एक, अशी अठरा रविवार त्यांनी गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने केली. समोर कैदी बसलेले. त्यांत चौथ्या अध्यायाच्या वेळी त्यांनी जे सांगितले त्याचा मला समजलेला आशय असा, की हाताने होणाऱ्या कामात आतले मन मिसळले नाही, तर ते काम ओझे होते. मन मिसळले तर त्याच कामाचा भार राहत नाही. आता बघा, तुरुंगातल्या माणसाला काम चुकत नाही आणि ते त्याने निवडलेलेही नसते. अशा माणसांपुढे ही गोष्ट बोलणे सोपे नव्हे. ती प्रवचने आज आपल्याला वाचावयास मिळतात, कारण साने गुरुजी त्याच तुरुंगात होते आणि ते बसून उतरून घेत होते. एकाला सांगता आले आणि दुसऱ्याने ते टिपून ठेवले. दोघांपैकी एक नसता तर ते शब्द धुळ्याच्या भिंतींतच राहिले असते.

तेच साने गुरुजी. अमळनेरच्या शाळेतले मास्तर, म्हणजे आपल्या खानदेशचेच म्हणा ना. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून त्यांनी 1947 च्या मे महिन्यात उपोषण केले, ते 1 तारखेला सुरू झाले, आणि मंदिर खुले झाले. उपोषणाची गोष्ट सर्वांना ठाऊक असते. त्याआधी काही महिने ते महाराष्ट्रभर गावोगाव हिंडत होते, सभा घेत होते, हे फारसे कोणी सांगत नाही. त्या दौऱ्यातच कितीतरी ठिकाणची देवळे आणि विहिरी खुल्या झाल्या. त्यांनी आधी कारण सांगितले आणि नंतर प्राण पणाला लावला. मी मात्र उलटे केले. आधी पावती फाडली आणि कारण विचारले तेव्हा गप्प बसलो.

सभेनंतर आम्ही नवे पावतीपुस्तक छापले. पुढच्या बाजूस तोच मजकूर, मागे मात्र चार ओळी वाढविल्या: मंडप तीन बाजूंनी उघडा राहील, येथे कोणालाही बसता येईल, मुलांना रात्री दिवा मिळेल, नावांच्या पाटीवर रक्कम राहणार नाही. ते पुस्तक घेऊन मी पुन्हा सुरतेला गेलो, त्याच घरी. माझ्या विद्यार्थ्याने पावती उलटी करून दोनदा वाचली आणि विचारले, "गुरुजी, दिव्याचे बिल दरमहा कोण भरणार?" मंडळी, हा प्रश्न ऐकून मला जो आनंद झाला तो देणगीने झाला नसता. पहिल्या खेपेस त्यांनी "कशाला" विचारले होते, या खेपेस "कसे" विचारले. ते बिल तेव्हापासून तेच भरीत आहेत. त्यांनी नाव सांगू नये असे बजावले आहे, म्हणून सांगत नाही.

काम पुढे वर्षभरात झाले. गवंडी तेच, विटा त्याच भट्टीच्या. एकच फरक मी पाहिला. पूर्वी बाया टोपली टाकून निघून जात. आता दुपारच्या सुट्टीत त्या मंडपाच्या जागेवर मांडी घालून बसत आणि गवंड्याला सांगत, "हा खांब थोडा सरकव, मागच्याले दिसत नाही." खांब खरोखर एक हात सरकविला आहे. नकाशात तो आजही जुन्याच जागी आहे.

आता आभार. देणगीदारांचे, वाहतूक फुकट करून देणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांचे, नळाची खोदाई करणाऱ्या तरुण मंडळाचे, दोन दिवस चुलीपुढे असलेल्या माता-भगिनींचे मी समितीच्या वतीने आभार मानतो. पाटीवर दोन नावांत अक्षरांच्या चुका झाल्या आहेत, त्या माझ्या आहेत. शिल्पकाराने त्या दुरुस्त करून देण्याचे कबूल केले आहे. आजीबाईचे नाव बरोबर कोरले गेले आहे. ते मी तिला विचारून लिहिले आणि तिला वाचता येत नाही म्हणून तिच्या नातीकडून तपासून घेतले. काल पंगतीत ती सरकविलेल्या खांबाशी बसली होती.

एक सूचना. उद्या सकाळी सात वाजता मंडप धुवावयाचा आहे. नळाला पाणी आठपर्यंतच असते. खराटे समितीकडे सहाच आहेत, तरी ज्यांना जमेल त्यांनी घरचे आणावेत. इतके बोलून आपली रजा घेतो.