भरल्या होडीची परीक्षा



ठाणे जिल्हा म्हटला की आज डोळ्यांपुढे आगगाड्यांची गर्दी येते. पण हा मुलूख मूळचा पाण्याचा. उल्हास नदी कल्याण-डोंबिवलीवरून खाली येते, खाडी होऊन पसरते, आणि उजवीकडे वसईचा किल्ला, डावीकडे उत्तन ठेवून समुद्राला मिळते. 1657 साली कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांकडे आली आणि याच खाडीत मराठी आरमाराची जहाजे बांधली जाऊ लागली. 2014 साली पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा वसई, अर्नाळा, सातपाटी ही गावे तिकडे गेली. उत्तनचा किनारा ठाण्याकडे राहिला. जिल्ह्याची हद्द नकाशावर हलली, पण समुद्र आहे तिथेच आहे. त्या उघड्या समुद्रात मासेमारीला जायची होडी कशी पारखावी, एवढाच आजचा विषय.

कोणी म्हणेल, “अहो मास्तर, कोळ्याला तुम्ही होडी काय शिकवणार?” प्रश्न रास्त आहे. पिढ्यान्‌पिढ्या पारखलेल्या शिडाच्या होडीबद्दल मी काहीच शिकवणार नाही. परंतु होडीच आता बदलली आहे. शिडाच्या जागी यंत्र आले, लाकडाच्या जागी पुष्कळ ठिकाणी फायबर आले, पोटात बर्फ आला, वर केबिन चढली, आणि केबिनच्या डोक्यावर जाळी बसली. आजोबांची नजर ज्या होडीवर तयार झाली, ती होडी आता बंदरात क्वचितच दिसते. शिवाय नवी होडी बहुधा कर्ज काढून घ्यायची. म्हणून नजरेला थोडी मोजमापाची जोड हवी.

पहिली गोष्ट ही की, होडी आपण कोरी पाहतो. काठावर रंगवून ठेवलेली, हलकी, पाण्यावर उंच तरंगणारी. समुद्राशी मात्र तिची गाठ पडते ती भरलेली असताना. तेव्हा विकणाऱ्याला विचारावे, “पुरे तेल, बर्फ, जाळी, माणसे आणि मासळी घातल्यावर हिचा काठ पाण्यापासून किती वर राहतो?” खाडीची होडी उथळ आणि बुटकी असते. तिथे तेच सोयीचे. चिखलात अडकत नाही, जाळे ओढायला बरे. तीच होडी समुद्रात नेली तर पहिल्या मोठ्या लाटेचे पाणी काठावरून आत येते. खाडीत चांगली, म्हणून समुद्रात चांगली, असा हिशेब धरू नये.

आता पाणी आत आले तर काय होते ते पाहू. चार मीटर लांब आणि दोन मीटर रुंद अशा डेकवर वीतभराहूनही कमी, म्हणजे पंधरा सेंटिमीटर पाणी साठले, तर त्याचे वजन सव्वा टनाच्या आसपास भरते. आणि हे ओझे एका जागी बसत नाही. होडी डावीकडे कलली की ते डावीकडे धावते आणि तिला आणखी डावीकडे दाबते. म्हणून डेकवरचे पाणी झटकन बाहेर जाईल अशी पुरेशी भोके कडेला आहेत का, ती जाळ्याखाली किंवा टोपल्यांखाली बुजत तर नाहीत ना, हे आधी पाहावे. मासळीच्या खणाला आडव्या फळ्या हव्यात. सुटी मासळी आणि वितळलेला बर्फसुद्धा पाण्यासारखाच एका अंगाला धावतो.

दुसरी गोष्ट वजनाच्या जागेची. ओझे तळाशी असेल तर कललेली होडी पुन्हा उभी राहते. तेच ओझे वर चढवले की ती उभी राहायला आळस करते. यंत्र, तेल, बर्फ खाली असावे. केबिनवर रचलेली ओली जाळी ही घरावर घर बांधल्यासारखी गोष्ट आहे. जुनी होडी घेत असाल, तर मागच्या मालकाने वर काय काय चढवले ते विचारा. होडी मूळची चांगली असते. मागाहून केलेली वाढ तिला बिघडवते.

हे तपासायची एक साधी रीत आहे. शांत पाण्यात, नेहमीचे सामान भरून, दोर सैल सोडून होडी उभी करावी. दोघातिघांनी एका अंगाने ठेके देऊन ती झुलवावी आणि मग सोडून द्यावी. डावीकडून उजवीकडे आणि परत डावीकडे हा एक झोका. असे चार-पाच झोके घड्याळावर मोजून एका झोक्याची सेकंदे काढावीत. ढोबळ नियम असा की, होडी जितके मीटर रुंद, त्याहून कमी सेकंदांत एक झोका पुरा झाला तर ती बहुधा ठीक. तीन मीटर रुंदीच्या होडीला एका झोक्याला चार-पाच सेकंद लागू लागले, तर वर वजन फार आहे असे समजावे. संथ झुलणारी होडी अंगाला सुखाची वाटते, पोटात ढवळत नाही. पण तीच घात करते. चटकन परतणारी होडी त्रास देते आणि माणूस घरी आणते. अर्थात हा नियम अंदाजाचा. जाणकाराच्या तपासणीची जागा तो घेत नाही. होड्यांच्या रचनेचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणारी केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्था 1957 सालापासून कोचीला आहे. मच्छिमार सोसायट्यांनी अशा ज्ञानाचा लाभ जरूर घ्यावा.

तिसरी गोष्ट खाडीच्या तोंडाची. ओहोटीचे पाणी जोराने बाहेर येत असते, समोरून वारा लाट आत लोटत असतो. तिथे लाट आखूड आणि उभी होते. परतताना होडी भरलेली, माणसे थकलेली, आणि लाट पाठीमागून. लाटेने मागची बाजू उचलली की सुकाणू पाण्यावर पकड धरत नाही, आणि होडी आडवी फिरते. म्हणून नाळ पाहता तितकीच मागची बाजू पाहा. ती पुरेशी उंच हवी, सुकाणू खोल आणि भक्कम हवे. यंत्र बंद पडले तर तोंड लाटेकडे धरून ठेवता येईल असा नांगर आणि भरपूर लांब दोर हवा.

आणि शेवटी, सगळे करूनही होडी पाण्याने भरली तर? लाकूड निदान तरंगते. फायबर पाण्याहून जड; त्यात बंद हवेचे कप्पे किंवा फोम नसेल, तर यंत्रासकट ती तळ गाठते. हे कप्पे आहेत ना, ते उघडून, हात घालून पाहा. माणशी एक जीवरक्षक जाकीट, ते अंगावर. पाणी उपसायला पंप आणि पंप बिघडला तर बादली. बिनतारी संचावर संकटासाठी सोळावी वाहिनी. किनारी दलाचा फोन 1554.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. घमेल्यात पाणी घ्या, पत्र्याचा चौकोनी डबा तरंगवा. आधी गोटे तळाशी ठेवा, मग तेच गोटे काठावर आडव्या ठेवलेल्या पट्टीवर ठेवा, शेवटी डब्यात तांब्याभर पाणी ओता. प्रत्येक वेळी बोटाने जरासे कलवा. कोळीवाड्यातले पोर हे एकदा डोळ्यांनी पाहील, तर घरी जाऊन बापाला नक्की विचारील, “बाबा, जाळी वर का ठेवली?” असा प्रश्न घरातून आला की तो मनाला लागतो.

मात्र चांगल्या होडीचा गर्व नको. 11 नोव्हेंबर 2009 रोजी फयान वादळ अलिबाग आणि मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले, तेव्हा मासेमारीचा हंगाम चालू होता आणि कोकणातले कित्येक मच्छिमार समुद्रावर होते. काही परतलेच नाहीत. 1 जून ते 31 जुलै यंत्राच्या होड्यांना बंदी असते. पण वादळ बंदीचे दिवस पाहून येत नाही. हवामानाची बातमी ऐकल्याशिवाय दोर सोडू नये, आणि इशारा मिळाला तर अर्धे जाळे सोडूनही माघारी फिरावे. होडी चांगली असली तर परतायला थोडा अवधी मिळतो. तो अवधी कशासाठी वापरायचा, हे तांडेलाने ठरवायचे असते.