अन्नविषबाधा : जंतूंची ओळख आणि पारख

सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे दुधदुभत्याचे, तसेच जत्रा-यात्रांचे. साताऱ्याच्या कंदी पेढ्याचे नाव सर्वतोमुखी आहे. कृष्णाकाठच्या गावांतून दररोज हजारो लिटर दूध संकलित होते. पालीच्या खंडोबाची यात्रा असो, औदुंबरचा दत्तजयंतीचा उत्सव असो किंवा लोणंद-फलटण मार्गाने जाणारी ज्ञानेश्वर माउलींची पालखी असो, एकेका पंगतीला शेकडो माणसे जेवतात. अन्न एकाच वेळी मोठ्या प्रमाणात शिजते आणि पुष्कळदा तासन् तास तसेच राहते. अशा अन्नातून विषबाधा झाली की गावात पहिला संशय बहुधा पालीवर घेतला जातो. 'आमटीत पाल पडली असावी', एवढ्यावर चौकशी आटोपते.

वस्तुतः घरातील पाल विषारी नसते. तिच्या विष्ठेतून साल्मोनेला जातीचे जंतू अन्नात येऊ शकतात हे खरे. परंतु तसे घडले तरी दोष पालीच्या विषाचा नसून जंतूंचा असतो. पालीवर भार टाकला की अन्न कोठे दूषित झाले, हा प्रश्नच उरत नाही आणि पुढच्या पंगतीला तीच चूक पुन्हा घडते. ऑगस्ट 2023 मध्ये जत तालुक्यातील उमदी येथे एका आश्रमशाळेतील दीडशेहून अधिक मुलामुलींना जेवणानंतर उलट्या-जुलाबांचा त्रास झाला होता. अशा प्रसंगी उपचार तर तातडीने व्हावयासच हवेत. पण त्याबरोबरच कारणीभूत जंतू कोणता, हे निश्चित होणेही तितकेच निकडीचे असते.

या शोधाचा पहिला धागा प्रयोगशाळेत नव्हे, तर घड्याळात सापडतो. जेवणानंतर एक ते सहा तासांत उलट्या सुरू झाल्या, तर संशय स्टॅफिलोकोकस ऑरियस किंवा शिळ्या भातात वाढणारा बॅसिलस सेरियस यांच्यावर जातो. आठ ते सोळा तासांनी पोटात कळा येऊन जुलाब झाले, तर मोठ्या पातेल्यात हळूहळू निवलेल्या मांसाच्या रश्श्यातील क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स आठवावा लागतो. बारा ते छत्तीस तासांनी तापासह जुलाब सुरू झाल्यास साल्मोनेलाचा विचार प्रथम होतो. म्हणूनच कोणी काय खाल्ले, किती वाजता खाल्ले आणि त्रास केव्हा सुरू झाला, याची साधी यादी आरोग्यसेवकाने केलेली असली, तर प्रयोगशाळेचे निम्मे काम हलके होते.

त्यानंतर अन्नाचा नमुना पोषक माध्यमावर पेरण्यात येतो. 1884 मध्ये डॅनिश वैद्य ग्रॅम यांनी शोधलेल्या रंजनपद्धतीने जंतू जांभळे की तांबूस दिसतात, हे पाहिले जाते. स्टॅफिलोकोकस जांभळे आणि द्राक्षाच्या घडासारखे दिसतात. द्राक्षबागा पाहिलेल्या तासगावकराला ही उपमा निराळी समजावून सांगावी लागणार नाही! अंड्याचा बलक आणि टेल्युराइट घातलेल्या माध्यमावर त्यांच्या काळ्या, चकचकीत वसाहती उमटतात व भोवती स्वच्छ वलय दिसते. सशाच्या रक्तद्रवात हे जंतू मिसळले असता तो गोठतो. ही त्यांची खास खूण होय. साल्मोनेलाच्या वसाहती एका विशिष्ट माध्यमावर तांबड्या आणि मध्यभागी काळ्या असतात. त्याचे अडीच हजारांहून अधिक उपप्रकार ज्ञात असून ते रक्तरसाच्या साहाय्याने वेगळे करता येतात. रुग्णाच्या शौचात आणि उरलेल्या अन्नात एकच उपप्रकार मिळाला, तर दोहोंचा संबंध बळकटपणे जोडता येतो.

तथापि जंतू सापडला म्हणजे तपास संपला, असे नव्हे. स्टॅफिलोकोकसच्या बाबतीत माणूस आजारी पडतो तो जंतूमुळे नव्हे, तर त्याने अन्नात सोडलेल्या विषामुळे. 1914 मध्ये फिलिपाईन्समध्ये बार्बर या संशोधकाने कासदाह झालेल्या गाईचे, उष्ण हवेत ठेवलेले दूध स्वतः पिऊन हा संबंध दाखविला होता. या विषाचा विशेष असा की ते उकळूनही सहजी नष्ट होत नाही. दूषित खवा पुन्हा परतला, तर जंतू मरतील, पण विष राहील. आणि तपासणीत जंतू न मिळाल्याने खवा निर्दोष ठरण्याचा धोका संभवतो. यासाठी जंतूंची संख्या मोजण्याबरोबरच विषाचीही स्वतंत्र चाचणी करावी लागते. दूध काढणाऱ्याच्या किंवा पेढा वळणाऱ्याच्या बोटावरील पिकलेली जखम हेही या जंतूचे नेहमीचे उगमस्थान आहे. त्याला दटावण्यापेक्षा जखम बरी होईपर्यंत दुसरे काम दिलेले बरे. नाहीतर तो जखम लपवितो.

या साऱ्या परीक्षांना खरा अडथळा येतो तो नमुन्याच्या अभावी. विषबाधेची वार्ता पसरताच भांडी घासून ठेवली जातात आणि उरलेले अन्न उकिरड्यावर जाते. यामागे बहुधा कपट नसते, घाबरगुंडी असते. पण पुरावा नाहीसा होतो तो होतोच. आणि मग गावकऱ्यांचा रोष आचाऱ्यावर किंवा दूधवाल्यावर निष्कारण ओढवण्याची शक्यता राहते.

म्हणून उरलेले अन्न कोणासही खाऊ न देता झाकून बाजूला ठेवावे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रास, तसेच अन्न व औषध प्रशासनास त्वरित कळवावे. नमुना निर्जंतुक, घट्ट झाकणाच्या बरणीत घेऊन बर्फाच्या पेटीतून पाठवावा. तो गोठवू नये. बरणीवर पदार्थाचे नाव, तारीख आणि वेळ लिहावी. रुग्णाच्या शौचाचा नमुना शक्यतो प्रतिजैविके सुरू करण्यापूर्वीच घ्यावा. मात्र अत्यवस्थ रुग्णाचे उपचार त्यासाठी थांबवू नयेत.