प्रश्न आपल्या गावचा, उत्तरही आपल्या गावाला



आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात लोणीला आणि संगमनेरजवळ घुलेवाडीला दंत महाविद्यालयं आहेत. तिथं शिकणाऱ्या विशीतल्या मुलामुलींबद्दल मला आज बोलायचं आहे. एमडीएस करणाऱ्याला प्रबंध लिहावाच लागतो. बीडीएसला तशी सक्ती नाही. परीक्षा, रुग्णांचा ठरलेला कोटा आणि इंटर्नशिप पुरी झाली की पदवी मिळते. तरी काही विद्यार्थी हे सगळं सांभाळून, सुट्टी खर्ची घालून, आपणहोऊन संशोधन करतात. ही धडपड जिल्ह्याच्या फार मोठ्या कामाची आहे, असं मला मनापासून वाटतं. मात्र तिचा प्रश्न इथला हवा आणि उत्तर इथल्या माणसांपर्यंत पोचायला हवं.

कुणी न सांगता विचारलेल्या प्रश्नातून काय घडू शकतं, ते पाहा. 1901मध्ये फ्रेडरिक मॅके हा नुकताच पदवी घेतलेला दंतवैद्य अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जला आला. तिथल्या कितीतरी मुलांच्या दातांवर तपकिरी डाग होते आणि पुस्तकांत त्याचा खुलासा नव्हता. त्यानं हा प्रश्न तीस वर्षं सोडला नाही. गावोगावच्या नोंदी जमवल्या, पाण्यावर संशय घेतला. अखेर 1931मध्ये चर्चिल नावाच्या रसायनतज्ज्ञाला पाण्यात जादा फ्लोराइड सापडलं. या डागाळलेल्या दातांना कीड कमी लागते, हेही मॅकेनं हेरलं होतं.

फ्लोराइडचा प्रश्न महाराष्ट्रालाही नवा नाही. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत असावं आणि दुसरा स्रोतच नसेल तर 1.5च्या पुढे जाऊ नये, असं आपलं मानक सांगतं. पण दातांवरचे डाग मोजायला निघालेल्या विद्यार्थ्यानं एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवली पाहिजे. पुढच्या कायमच्या दातांचं कवच अगदी लहानपणी, दात हिरडीबाहेर येण्याआधीच घडतं. म्हणून बारा वर्षांच्या मुलाला "आता कुठलं पाणी पितोस?" एवढंच विचारून भागत नाही. तो दोन-तीन वर्षांचा असताना घर कुठं होतं, पाणी विहिरीचं होतं की बोअरचं, हे त्याच्या आईला विचारावं लागतं. पाथर्डी-शेवगावकडच्या ऊसतोड कुटुंबातलं मूल असेल, तर गळिताच्या हंगामात ते कुठल्या कारखान्यावर होतं, हेही विचारावं लागतं. असा प्रश्न परदेशी नमुन्याच्या छापील प्रश्नावलीत सापडणार नाही. तो इथल्याच विद्यार्थ्याला सुचेल.

दुसरं उदाहरण तंबाखूचं. 2016-17च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले जवळजवळ चोवीस टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरताना आढळले. गुटख्यावर राज्यानं 2012मध्येच बंदी घातली, तरी सुपारी-गुटख्यानं आखडलेली तोंडं ओपीडीत दिसतातच. विद्यार्थी रुग्णाला शक्य तेवढा 'आ' करायला सांगतो, वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या कडांमधलं अंतर व्हर्निअर कॅलिपरनं मोजतो आणि मिलिमीटरमध्ये लिहितो. तेच तोंड दुसरा विद्यार्थी पहिल्याचा आकडा न बघता मोजतो. दोघांचे आकडे जुळेपर्यंत पाहणी सुरूच करायची नसते. व्यसनाची चौकशीही जपून करावी लागते. रोज सकाळी मिश्री लावणारी आजी स्वतःला तंबाखूची व्यसनी समजत नाही, मग ती तसं सांगणार तरी कशी?

संशोधनाला मर्यादाही हवी. लोणीच्या माळावर विठ्ठलराव विखे पाटलांचा सहकारी साखर कारखाना उभा राहत होता, त्याच काळात स्वीडनमध्ये व्हिपेहोल्म इथं मतिमंद रुग्णांना मुद्दाम चिकट टॉफी खाऊ घालून दात कसे किडतात ते पाहिलं गेलं. साखर वारंवार खाल्ल्यानं कीड वाढते, हे ज्ञान आपल्याला त्यातून मिळालं. पण ज्यांना नकार देता येत नव्हता, त्यांच्या दातांनी त्याची किंमत मोजली. म्हणून आज विद्यार्थ्याच्या छोट्या पाहणीलाही नैतिकता समितीची मंजुरी लागते आणि रुग्णाची संमती त्याला कळेल अशा मराठीत घ्यावी लागते.

वाव मिळत नाही असंही नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद 1979पासून वैद्यकीय आणि दंत पदवीच्या विद्यार्थ्यांना अल्पमुदतीची संशोधन शिष्यवृत्ती देते. त्यात मार्गदर्शकाच्या हाताखाली दोन महिन्यांचा प्रकल्प करायचा असतो. राज्यातल्या विद्यापीठांचा 'आविष्कार' महोत्सव 2006पासून भरतो. पण नजर केवळ प्रमाणपत्रावर असली, की वसतिगृहातल्या मित्रांकडूनच प्रश्नावल्या भरून घेतल्या जातात. त्यातून विद्यार्थी काही शिकत नाही आणि गावालाही काही कळत नाही.

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970पासून ग्रामीण आरोग्याचं जे काम उभं केलं, त्यात फारशी शाळा न शिकलेल्या बायाही गावाच्या आरोग्याची माहिती ठेवायला शिकल्या. तेव्हा पाहणी म्हणजे शिकलेल्यांचीच मिरासदारी, ही समजूत आपल्याच जिल्ह्यानं कधीच खोटी ठरवली आहे.

म्हणून माझं मागणं सरळ आहे. महाविद्यालयांनी अशा विद्यार्थ्याला वेळ आणि मन लावून शिकवणारा मार्गदर्शक द्यावा. विद्यार्थ्यानं पाहणीचा निष्कर्ष एका पानावर मराठीत लिहून शाळेत आणि ग्रामसभेत वाचून दाखवावा. आणि श्रोतेहो, उद्या असा मुलगा किंवा मुलगी प्रश्नावली घेऊन दारात आली, तर तिला बसवून घ्या, खरी उत्तरं द्या, आणि निघताना बजावून सांगा: "यातून काय निघालं, ते सांगायला परत ये."