कोरडी माशी आणि घरट्यावरचा राखणदार



शिकागो म्हटले की आम्हां कामगारांना १८८६ सालचा आठ तासांचा लढा आठवतो. काम आठ तास, झोप आठ तास. उरलेल्या आठ तासांचे माणसाने करायचे काय? २०१४ च्या मे महिन्यात आम्ही इलिनॉय राज्यात गेलो होतो. तिथल्या एका निवृत्त पोलाद-कामगाराने आम्हांला उत्तरादाखल तळ्याकाठी नेले.

तिथला मासा ब्लूगिल. तळहाताएवढा, चपटा, तोंड इवलेसे. ट्राउटसारखे त्याला थंड वाहते पाणी लागत नाही. साध्या गावतळ्यातही तो सुखाने राहतो. त्याच्यासाठी करतात ती ‘कोरडी माशी’ म्हणजे बारीक गळावर कोंबड्याच्या मानेची पिसे गुंडाळून बनवलेला खोटा कीटक. पिसांचे ताठ केस पाण्याच्या पृष्ठावर टेकतात आणि माशी तरते. भिजली की बुडते. म्हणून पाण्यात टाकण्यापूर्वीच तिला सिलिकोनचे मलम लावायचे. आम्ही यंत्राला ग्रीस द्यावे तसे चोपडले! केस चिकटले, माशी तळाला. म्हातारा पोट धरून हसला. मुगाएवढे मलम बोटांवर चोळून पातळ करायचे आणि पुसटसे फिरवायचे, एवढेच. मासा लागून गेला की माशीला बुळबुळीत चिकटा बसतो. ती धुवायची, फडक्याने टिपायची, पाणी शोषणाऱ्या सिलिकाच्या भुकटीत घोळवायची आणि पुन्हा लेप. टाकल्यावर तरंग विरेपर्यंत हलवायची नाही. ब्लूगिल खालून येतो, थबकतो, निरखतो आणि चटकन चोखून घेतो.

परंतु खरी गोम पुढेच आहे. विणीच्या दिवसांत उथळ पाण्यात नर शेपटीने गाळ झाडून थाळीएवढी घरटी करतात, चाळीतल्या खोल्यांसारखी एकमेकांना लागून. मादी अंडी घालून निघून जाते, राखण नराची. घरट्यापाशी येईल त्यावर तो तुटून पडतो, म्हणून थोरला नर पकडणे सर्वांत सोपे. तो उचलला की इतर मासे अंडी फस्त करतात. थोरले नर असेच काढत गेले, तर धाकटे वाढ अर्ध्यावर टाकून लवकर वयात येतात आणि तळे खुरट्या माशांनी भरते. तिकडच्या मत्स्यशास्त्रज्ञांनी हे तपासून पाहिले आहे. “आम्हीही एके काळी बादल्या भरभरून नेल्या,” यजमान म्हणाला.

संध्याकाळी आमच्या गळाला नारिंगी छातीचा एक थोरला नर लागला. खरे सांगतो, सोडवेना. यजमानाने हात ओला करून गळ काढला, मासा पाण्यात ठेवला. तो सरळ आपल्या घरट्यावर गेला. जेवायला आम्ही मधल्या आकाराचे पाच नेले, मक्याच्या पिठात घोळवून तळले. चव गोड, काटे मात्र फार.